खिळ्यावरची नळी

"झडप बदललीस, डब्यात हवा भरलीस," क्लिफ म्हणाला. "आता पुढच्या खेपेला घरच बदल. कोपऱ्यावरचं विकायला निघालंय."

नदीम हसला नाही. घरभरच्या रेडिएटरांना गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरचं पुढचं झाकण काढून त्यानं फरशीवर ठेवलं होतं आणि तो आत टॉर्च मारून बघत होता. क्लिफच्या बायकोचं, ब्रेंडाचं, स्वयंपाकघर इतकं गार होतं की आम्ही सगळे कोट घालूनच चहा पीत होतो. रेडिएटरवर वाळत घातलेले क्लिफचे मोजे लाकडासारखे ताठ झाले होते.

मी खरं म्हणजे तक्रार घेऊन गेले होते. आमची घरं एकाच ओळीतली, त्यांचं आणि माझं यांच्यामध्ये एक बोळ. क्लिफच्या बॉयलरची तांब्याची बारीक नळी भिंतीतून त्या बोळात निघते. आत दाब फार वाढला तर पाणी सुटायला ती वाट ठेवलेली असते. बॉयलर धड असेल तर ती वर्षानुवर्षं कोरडी राहते. ही मात्र नाताळपासून टपकत होती. रात्री त्या पाण्याचा बर्फ व्हायचा, आणि त्या सकाळी पोस्टमन बोळाच्या तोंडाशी घसरला तो माझ्या कचऱ्याच्या डब्याला मिठी मारूनच थांबला. हे सगळं मी ब्रेंडाला जरा आवाज चढवून सांगणार होते. पण तिनं दार उघडल्या उघडल्या माझ्या हातात कप दिला. गरम कप हातात घेऊन भांडता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

नदीमची ही तिसरी खेप. विशीत तो क्लिफच्या हाताखाली हे काम शिकला. आता त्याची स्वतःची व्हॅन आहे, दाढी पांढरी व्हायला लागली आहे, पण क्लिफसमोर तो अजून पाठ म्हणून दाखवल्यासारखा बोलतो.

"दाबाचा काटा शून्यावर येतो, म्हणजे पाणी जातंय. बाहेरची नळी ओली, म्हणजे झडपेतून जातंय. झडप नवी घातली. पाणी तापलं की फुगतं, त्याला जागा लागते, ती जागा म्हणजे मागचा लाल डबा. त्यात हवा भरली, ती टिकून आहे. तरीपण काटा आधी लाल रेघेपर्यंत चढतो, मग झडप उडते." तो थांबला. "उस्ताद, पाणी नुसतं जात नाहीये. पाणी येतंय."

"येतंय कुठून?" क्लिफनं विचारलं.

सगळ्यांचे डोळे एकाच जागी गेले. बॉयलरशेजारी भिंतीत एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर हातभर लांबीची, पोलादी तारेनं विणलेली नळी लटकत होती. नळाचं पाणी बॉयलरमध्ये भरायचं असलं की ही नळी दोन्ही टोकांना जोडायची, कॉक उघडायचा, काटा दीडाजवळ आला की बंद करायचा. ती खिळ्यावर आहे म्हणजे बाहेरचं पाणी आत जायला मार्गच नाही.

"नळी तर खिळ्यावर आहे," नदीम म्हणाला.

"ह्या घरात ती आणखी कुठं असणार?" क्लिफ म्हणाला, आणि चहाकडे वळला.

ब्रेंडा सिंकशी उभी होती. कप विसळता विसळता तिनं नळ एकदम मोठा सोडला.

उरली मग एकच जागा. बॉयलरच्या पोटात एक प्लेट असते, तिच्या एका अंगानं रेडिएटरचं पाणी जातं, दुसऱ्या अंगानं आंघोळीचं. तिला बारीक भोक पडलं असेल तर नळाचं पाणी आतल्या आत झिरपत राहणार. नदीम म्हणाला, प्लेट मागवतो, शनिवारी येऊन बसवतो. बोलताना तो माझ्याकडे बघत होता, क्लिफकडे नाही. त्याला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं, एवढं मलाही कळलं.

*

क्लिफ बॅराक्लफबद्दल सांगायचं तर, कीथली गावाच्या आमच्या बाजूला ज्या घरात ऊब आहे त्या घरात त्याचा हात कधी ना कधी लागलेला आहे. त्याला बक्षीस मिळालं नाही, पेपरात नाव आलं नाही. गावाबाहेर तो फारसा कधी गेलाही नाही. पलीकडच्या टेकडीवरच्या लोकांचे पाइप वाकडे असतात असं त्याचं मत होतं. चाळीसेक वर्षं तो दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांतून फिरला. कुणाकडे काय शिजतं, कोण कुणाशी बोलत नाही, कुठल्या घरात नवऱ्याची खोली वेगळी आहे, हे रेडिएटर तपासणाऱ्या माणसाला सगळं कळतं. त्यातलं एक अक्षर त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही.

नळीबद्दल मात्र तो कुणाचंही ऐकायचा नाही. नियम सगळ्यांना माहीत आहे, भरून झालं की नळी काढायची. पण काढतं कोण? दहातल्या नऊ घरांत ती तशीच जोडलेली राहते. कॉक केसभर सैल राहिला की पाणी गुपचूप आत जात राहतं. रोज नवं पाणी म्हणजे आतून रोज नवा गंज. आणि रेडिएटरचं काळं पाणी उलटं पिण्याच्या नळात जाण्याची भीती वेगळीच. क्लिफ काम संपलं की नळी काढायचा, टोपणं लावायचा, खिशातून खिळा काढून भिंतीत ठोकायचा आणि नळी त्यावर अडकवायचा. घरातली बाई नव्या रंगवलेल्या भिंतीसाठी कितीही ओरडली तरी. नदीम सांगतो, एकदा तो एका घरी नळी तशीच ठेवून आला होता, तर क्लिफनं त्याला भर पावसात टेकडी चढायला लावून परत पाठवलं.

माझ्या स्वयंपाकघरातला खिळाही त्यानंच ठोकलेला. माझा नवरा घर सोडून गेला त्या हिवाळ्यात माझा बॉयलर बंद पडला होता. मी कुणाला बोलावलं नव्हतं. क्लिफ आपणहून आला, धुराड्यातून वाफ दिसत नाही म्हणाला. काम झाल्यावर त्यानं मला काटा कसा वाचायचा, नळी कशी जोडायची ते दाखवलं. "कळलं ना, पोरी? आता हे घर तुझं तू चालवू शकतेस." मी पन्नाशी ओलांडली तरी तो मला पोरीच म्हणतो. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

*

मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. जानेवारीत घरातून निघते तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. नदीम येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बोळात मीठ पसरत होते. ब्रेंडाच्या खिडकीत दिवा लागलेला होता आणि पडदा अर्धाच ओढलेला.

ब्रेंडा झोपायच्या गाऊनमध्ये बॉयलरसमोर उभी होती. नळी जोडलेली होती. तिनं कॉक घट्ट बंद केला, मग एकेक टोक सोडवलं. टपकणारं पाणी वाडग्यात धरलं, टोपणं लावली आणि नळी खिळ्यावर अडकवली. मग जरा मागे सरून तिनं ती सरळ केली. पाहुणे यायच्या आधी आपण भिंतीवरची तसबीर सरळ करतो, तशी.

वळली तेव्हा खिडकीत मी.

तिनं मागचं दार उघडलं आणि मला आत घेतलं. वरून क्लिफच्या घोरण्याचा आवाज येत होता. हळू आवाजात तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. क्लिफ पहाटे उठतो. खाली येतो. काटा बघतो आणि त्याला तो कमी वाटतो. नळी जोडतो, पाणी भरतो. हात अजून इतके सराईत आहेत की बघत राहावं. मग तो खुर्चीत बसतो, आणि भरलं होतं हे त्याच्या डोक्यातून जातं. परत उठतो, परत भरतो. कधी कॉक उघडाच राहतो. मग वर जाऊन झोपतो, आणि सकाळी विचारतो की कोण ह्या बॉयलरशी खेळतंय.

"आणि नळी?" मी विचारलं.

"नळी काढायची विसरतो," ब्रेंडा म्हणाली. "क्लिफ. नळी काढायची विसरतो."

म्हणून ती रोज त्याच्या आधी उठून बसायला बघायची, पण उशीर व्हायचा. निदान नदीमच्या डोळ्यांना ती जोडलेली नळी दिसू नये, एवढं ती करत होती. म्हणूनच नदीमला काही सापडत नव्हतं. एकच खूण होती, ती रोज सकाळी खिळ्यावर जाऊन बसत होती.

मी म्हणाले, नदीमला सांगून टाक, तो काय बाहेर बोंबलत फिरणार आहे?

ती म्हणाली की नदीमला कळलं तर तो न बोलता नळी घेऊन जाईल, मग जिल का म्हणून विचारेल. जिल म्हणजे त्यांची मुलगी, लीड्सला असते. तिनं आपल्या घराजवळ फ्लॅट बघून ठेवलाय. तिथे भिंतीतच तारा आहेत, बटण दाबलं की खोली गरम. बॉयलर नाही, पाइप नाही, काही नाही.

"बॉयलर नसलेल्या घरात हा माणूस सकाळी उठून काय बघणार, लोरेन?"

मी शनिवारपर्यंत गप्प बसायचं कबूल केलं.

*

कबूल केलं खरं, पण गुरुवारी थंडीनं कहर केला. सकाळी बोळात गेले तर त्या तांब्याच्या नळीच्या तोंडाला मनगटाएवढा बर्फाचा सुळका. नळीचं तोंड गच्च बंद. दाब वाढला आणि झडपेनं पाणी सोडलं तर ते जाणार कुठं, हे कळायला बॉयलरवाला असावं लागत नाही. मी गरम पाण्याची रबरी पिशवी आणून नळीला बांधली आणि शाळेला उशीर झाला तरी सुळका गळून पडेपर्यंत तिथेच उभी राहिले. शुक्रवारीही तेच. मग ब्रेंडाला सांगितलं की हा आता तुझ्या नवऱ्याच्या इभ्रतीचा प्रश्न राहिलेला नाही, उद्या नदीम आला की मी बोलणार. तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

त्याच दुपारी क्लिफ माझ्या दाराशी आला. हातात त्याची जुनी चामडी पिशवी. दर हिवाळ्यात तो माझा बॉयलर बघून जातो. मला बोलवावं लागत नाही. मी चहा ठेवला. तो माझ्याकडे पाठ करून काट्यासमोर उभा राहिला.

"पोरी, तुला एक सांगायचंय. बाहेर जाता कामा नये."

मला वाटलं, सुटले. त्याला कळलंय.

"ब्रेंडाचं बरं नाही," तो म्हणाला.

मी हातातला चमचा खाली ठेवला.

त्यानं तिला जिन्यावरून बघितलं होतं. काळोखात उठून ती नळीशी काहीतरी करत होती. मग नळी खिळ्यावर लावली आणि दिवा बंद करून वर आली, जसं काही झालंच नाही. तो झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला. तेव्हापासून तो तिच्यावर नजर ठेवून होता, आणि एकेक गोष्ट जुळत गेली.

"मी एखादी गोष्ट विचारली की म्हणते, आत्ताच तर विचारलंस. मी विचारलेलंच नसतं. परवा म्हणाली आपण चहा प्यायलो. कधी प्यायलो? कप कोरडे होते." त्यानं माझ्या काट्याची काच अंगठ्यानं पुसली. "बावन्न वर्षं झाली लग्नाला. तिनं ह्या बॉयलरला कधी बोट लावलं नाही. आता रोज पहाटे उठून पाणी भरते बिचारी. मला मदत करावी असं वाटत असेल तिला."

मी विचारलं, तिला विचारलंत का?

"नाही. घाबरेल. आणि जिलला तर अजिबात कळू द्यायचं नाही. ती लगेच फ्लॅट फ्लॅट करायला लागेल. ब्रेंडा तिथे जगायची नाही. बोळ नाही, शेजार नाही." तो खुर्चीत बसला, चहात त्यानं बिस्कीट बुडवलं आणि ते मोडून कपात पडलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. "पण खात्री झाल्याशिवाय पार्ट काढायचा नाही. आधी खात्री करायची."

खात्रीची युक्ती त्यानं ठरवूनच ठेवली होती. पिशवीतून त्यानं एक लहान डबा काढला. त्यात सफेदा होता, पाइपाच्या आट्यांना लावतात तो पांढरा चिकट लेप. हाताला लागला की साबणाला दाद देत नाही, चार दिवस राहतो. आज रात्री हातमोजे घालून तो कॉकच्या दांडीला मागच्या बाजूनं सफेदा फासणार होता. सकाळी ज्याचा हात पांढरा, त्यानं पाणी भरलं.

"मग काय करणार, क्लिफ?"

"मग डॉक्टरकडे नेईन तिला. हळूच. सांगेन की माझंच गुडघ्याचं काम आहे, सोबत चल."

तो गेल्यावर मी त्या कपाकडे बघत बसले. तळाशी बिस्किटाचा लगदा.

संध्याकाळी ब्रेंडा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आली तेव्हा मी तिला बोळात गाठलं आणि सगळं सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, आणि न सांगता राहवतही नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. मग ती हसायला लागली, तोंडावर हात दाबून, डबा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे तो मला सांभाळतोय," ती म्हणाली.

आता काय करायचं, मी विचारलं. तिनं डोळे पुसले, डब्याचं झाकण नीट बसवलं.

"लावू दे त्याला सफेदा," ती म्हणाली. "त्याला कधी अर्धवट काम आवडलेलं नाही."

*

शनिवारी शाळा नसते. मी ब्रेंडाचं केकचं भांडं परत द्यायच्या निमित्तानं गेले. ते भांडं माझ्याकडे पडून महिना झाला होता, पण निमित्त हवं होतं.

क्लिफ टेबलाशी बसला होता, अंगावर तपकिरी स्वेटर, केस पाण्यानं बसवलेले. ब्रेंडा टोस्टला लोणी लावत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं पांढरीफेक होती. पीठ मळताना उठलेल्या बाईसारखी. ती बोटं लपवत नव्हती. उलट दिव्याखाली धरल्यासारखी सुरी चालवत होती. सिंकच्या कडेला तेलानं माखलेलं एक फडकं पडलं होतं आणि बॉयलरवर नळी जोडलेलीच होती.

क्लिफ तिच्या हाताकडे बघत होता. मला त्यानं डोळ्यांनीच बस म्हणून खुणावलं.

"ब्रेंडा," तो म्हणाला, "हात बघू."

तिनं सुरी ठेवली आणि हात पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला, पालथा केला, सुलटा केला. एखादा झिजलेला भाग उजेडात धरून बघावा तसा बघितला.

"मीच करते रे," ब्रेंडा म्हणाली. "मला कळत नाही मी का करते. उठते आणि करते."

"असू दे," तो म्हणाला. "असू दे. होतं असं."

तो तिच्या हातावर थोपटत राहिला. मी टेबलावरच्या चादरीवरची फुलं मोजल्यासारखं करत होते. मग त्यानं तिचा हात सोडला आणि टोस्ट घ्यायला आपला उजवा हात पुढे केला, आणि तो हात तिथेच, ताटलीच्या वर, थांबला.

अंगठ्याच्या नखाखाली पांढरी रेघ होती. अगदी बारीक. त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात बिघाडाच्या ज्या खुणा शोधल्या, तशीच.

ब्रेंडानं नंतर सांगितलं मला. ती मुद्दाम उशिरा उतरली होती. तो खुर्चीत झोपला होता, बोटं पांढरी, काटा लाल रेघेला टेकलेला. हातमोजे शेजारी घडी करून ठेवलेले. तिनं स्वयंपाकाचं तेल फडक्यावर घेऊन एकेक बोट पुसलं. तो झोपेतच जरासा हसला म्हणे. मग तिनं कॉक बंद केला आणि दांडीवर उरलेल्या सफेद्यात आपली बोटं घासली. नखाखाली बघायचं तिला सुचलं नाही.

क्लिफनं त्या नखाकडे बघितलं. ब्रेंडाकडे बघितलं. तेलाच्या फडक्याकडे बघितलं. पायरी पायरीनं, घाई न करता, जसं तो नेहमी बघायचा. मग त्यानं उजवा हात स्वेटरच्या खिशात घातला आणि डाव्या हातानं टोस्ट उचलला.

"लोणी जास्त झालंय," तो म्हणाला.

"तुला जास्तच लागतं," ब्रेंडा म्हणाली.

त्यानं सगळा टोस्ट खाल्ला. मग उठून, आमच्याकडे पाठ करून, नळी सोडवली. दोन्ही टोकं पुसली. टोपणं लावली. खिळ्याकडे त्यानं नुसतं बघितलं, आणि नळी हातात तशीच धरून माझ्याकडे वळला.

"चल पोरी. तुझ्या भिंतीत एक खिळा ठोकायचाय."

माझ्या स्वयंपाकघरात त्यानं माझ्या नळीशेजारी दुसरा खिळा ठोकला. दोनच घाव, सरळ. त्यावर आपली नळी अडकवली.

"हिला इथं राहू दे. आमच्या घरातलं कुणी मागायला आलं तर द्यायची नाही."

"बरं."

"गोड बोललं तरी नाही. रागावलं तरी नाही."

मी म्हणाले, ब्रेंडा कशाला रागावेल माझ्यावर?

तो हातोडी पिशवीत ठेवत होता. "मी ब्रेंडा म्हणालो नाही," तो म्हणाला. "कुणी म्हणालो."

नदीम दुपारी प्लेटचं खोकं घेऊन आला. आधी माझ्याकडे डोकावला, कारण बोळातल्या नळीला मी पिशवी बांधलेली त्यानं बघितली होती. भिंतीवर दोन नळ्या शेजारी शेजारी. तो बघत राहिला. मग पलीकडे गेला, आणि मी त्याच्या मागोमाग.

"सापडलं का, उस्ताद?" त्यानं दारातूनच विचारलं.

"सापडलं," क्लिफ म्हणाला. उजवा हात परत खिशात होता. "बॉयलरला काही झालेलं नाही, नदीम. बॉयलर चांगला आहे."

नदीमनं खोकं उघडलं नाही. काटा दीडावर आणून दिला, बोळातली तांब्याची नळी लोकरी वेष्टणात गुंडाळून दिली. मग खुर्ची ओढून बसला आणि कधीकाळी भर पावसात टेकडी चढायला लावल्याची गोष्ट क्लिफला पुन्हा ऐकवली. क्लिफनं ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली.

*

ब्रेंडानं जिलला फोन करून सगळं सांगितलं, पण फेब्रुवारी संपल्यावर. फ्लॅटवाल्यांनी जागा उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवली आहे. बोळ आता कोरडा असतो.

मार्चमध्ये एका सकाळी, शाळेला सुट्टी होती, माझ्या मागच्या दारावर टकटक झाली. क्लिफ होता. कोट, टोपी, हातात चामडी पिशवी, पायात घरातल्या सपाता. त्यानं टोपी काढली. मला कळलं की मी आज पोरी नाही.

"बाई, सकाळी सकाळी त्रास देतोय," तो म्हणाला. "ह्या भागातलं काम माझ्याकडे असतं. माझी पाणी भरायची नळी तुमच्याकडे राहिली असं वाटतं. एका घरी काटा उतरलाय, म्हातारी बाई गारठून बसलीय. जरा दिलीत तर बरं."

मी त्याला आत घेतलं. तो नळ्यांसमोर जाऊन उभा राहिला. मी म्हणाले, देता येणार नाही.

त्याच्या गळ्यावरची शीर फुगली. म्हणाला, नळी माझी आहे. मी म्हणाले, आहे, तरी देता येणार नाही.

"कुणी सांगितलं असं?"

"एका बॉयलरवाल्यानं," मी म्हणाले. "ठेवताना म्हणाला, कुणालाही द्यायची नाही. गोड बोललं तरी नाही, रागावलं तरी नाही."

तो विचार करत उभा राहिला. अशा वेळी पूर्वीही तो असाच उभा राहायचा, डोकं जरा तिरकं, आतलं पाणी कुठून कुठं जातंय ते ऐकल्यासारखा.

"चांगला माणूस आहे का?" त्यानं विचारलं.

"ह्या गावात त्याच्यासारखा दुसरा नाही."

"मग त्याचं काहीतरी कारण असणार," तो म्हणाला. "मग नका देऊ."

नळी खिळ्यावर जराशी तिरकी झाली होती. त्यानं हात वर करून ती सरळ केली, टोपणं घट्ट आहेत ना ते बोटांनी चाचपलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि सपाता फटफटवत बोळातून घरी गेला.